तटस्थतेचा नियम प्रस्थापितांनाही लागू व्हावा

डेव्हिड हॉग यांनी अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे उपाध्यक्ष असताना, २०२५ मध्ये, स्वपक्षाच्याच विद्यमान खासदारांना प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या अंतर्गत निवडणुकीत, आव्हान देण्यासाठी आपल्या संघटनेतर्फे २ कोटी डॉलर खर्चण्याची घोषणा केली, ही निव्वळ बेशिस्त होती, अशी टीका होते. पदाधिकाऱ्याने तटस्थ राहावे, हा समितीचे अध्यक्ष केन मार्टिन यांचा आग्रह मलाही रास्त वाटतो. मात्र बंडखोरांचा राग कुठून येतो, हे त्याआधीच्या घटना पाहिल्याशिवाय कळणार नाही.

२०१८ मध्ये टेक्सासच्या सातव्या मतदारसंघात प्रायमरीचे मतदान तोंडावर आले असताना पक्षाच्या काँग्रेस (अमेरिकी संसद) प्रचार समितीने लॉरा मोझर या स्वपक्षीय उमेदवाराविरुद्धची माहिती, त्यांच्या जुन्या लेखातल्या एका वाक्यासकट, जाहीरपणे प्रसिद्ध केली. त्यामुळे उलट मोझर यांच्याकडे देणग्यांचा ओघ वाढला आणि त्या प्रायमरीच्या दुसऱ्या फेरीत पोहोचल्या; तिथे लिझी फ्लेचर यांनी त्यांना हरवले व नोव्हेंबरमध्ये ती जागाही जिंकली. पुढे २०१९ मध्ये याच समितीने विद्यमान खासदारांच्या आव्हानवीरांसाठी काम करणाऱ्या सल्लागारांना कामे न देण्याचे धोरण जाहीर केले, ते २०२१ मध्ये मागे घ्यावे लागले.

ही समिती राष्ट्रीय समितीहून वेगळी आहे आणि ती खुद्द प्रतिनिधीगृहातले, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहातले, सदस्यच चालवतात, हे मान्य. पण मतदाराच्या लेखी दोन्ही म्हणजे पक्षच, आणि म्हणून मार्टिन यांचा नियम या समितीलाही लागू व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे.