डिस्क प्लेअर घ्यावा की ओटीटीवरच भागवावं?

नाशिककर
बाबांकडे मराठी नाटकांच्या व्हीसीडींचा खोकाभर साठा आहे. प्लेअर बंद पडला. मुलगी म्हणते, सगळं ओटीटीवर मिळतं. मिळत नाही हो, शोधून झालंय! भाऊ न्यू जर्सीहून येतोय, तिकडून ब्लू-रे (डीव्हीडीच्या पुढची डिस्क) प्लेअर मागवू का?

पडदाप्रेमी
तिकडून नकोच. एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर सहसा चालत नाही. ब्लू-रेसाठी अमेरिका 'ए' विभागात, आपण 'सी'त. डीव्हीडीला ते १, आपण ५. फोरके डिस्कला (जास्त स्पष्ट चित्राची ब्लू-रे) मात्र विभागाची भानगड नाही. आणि चित्र बघायचं तर त्यावरच! तिच्यावरची चित्राची माहिती सेकंदाला १०० मेगाबिटच्या वर जाऊ शकते, ओटीटीचं फोरके साधारण १५-२५ मध्ये उरकतं.

चष्मेवाली काकू
अहो, त्यांना नाटकं बघायचीत, तुम्ही फोरके काय सांगताय! व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, महागड्या प्लेअरनं ते काही उजळत नाही. साधा डीव्हीडी प्लेअर घ्या, व्हीसीडी चालते ना एवढं विचारून. आणि डिस्क खराब व्हायच्या आत संगणकावर उतरवा. आतल्या डॅट फाइल्स व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये चालतात.

नाशिककर
काकू, पटलं. बाबा म्हणाले, टीव्हीला लाल-पांढरी-पिवळी वायर जोडता येते का ते आधी बघ. नाही जोडता येत. म्हणजे एचडीएमआयवालाच शोधायला हवा.