हाडं, सांधे, कंबर : घरातली दुखणी लिहा (कोल्हापूर आणि आसपास)

मंगळवारपेठेतली

मागच्या डिसेंबरात आई पहाटे न्हाणीत पडली. पडली म्हणजे काय, उंबऱ्यावर पाय घसरला आणि खाली बसली, इतकंच. मी धावत गेले तर म्हणते, "काय झालं नाही गं, जरा बसलो बघ. उठतो." (आमच्याकडे बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. बाहेरच्यांनी चूक काढत बसू नये.) उठता काही आलं नाही. उजवा पाय बाहेर वळलेला आणि डाव्यापेक्षा आखूड दिसत होता. खुब्याचं हाड मोडलं होतं. वय ६७.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "पिशवी कधी काढली?" ३९ व्या वर्षी. अंडाशयासकट. तेव्हा गल्लीतल्या चार-पाच जणींनी मागेपुढे काढून घेतली होती, 'कटकट गेली' म्हणून. पाळी अशी अवेळी बंद झाली की हाडांची झीजही तेव्हापासूनच वेगानं सुरू होते, हे आम्हाला २८ वर्षांनी कळलं. डेक्सा तपासणीत (हाडांची घनता मोजतात ती) टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेतला आकडा, उणे ३.१ आला. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झाली, म्हणतात.

पण मला खाऊन टाकते ती वेगळीच गोष्ट. गेल्या तीन-चार वर्षांत आमच्या स्वयंपाकघरातले डबे खाली उतरत होते. आधी वरच्या फळीवरचा चहाचा डबा मधल्या फळीवर आला. मग मधल्या फळीवरची डाळ ओट्यावर. मी म्हणायचे, ओट्यावर काय पसारा मांडलायस? आई म्हणायची, हाताशी बरं असतं. पाठ भरून येते म्हणाली की आम्ही बाम आणून द्यायचो. एक्स-रेत दोन मणके दबलेले निघाले. डबे खाली येत नव्हते, आई खाली येत होती.

तर या धाग्यावर लिहा. दुखण्याचं नाव, कारण, उपचार असं अर्जासारखं नको. घरात काय बदललं, कुणाचं काम सुटलं, पैसे कुठून आले, ते लिहा. औषधं मात्र इथे विचारू नका, ती डॉक्टरांनाच.

गुळाचा खडा

वडील मार्केट यार्डात हमाल होते. गुळाचा रवा तीस किलोचा. हंगामात दिवसाला दीड-दोनशे रवे उचलायचे. मी बारावीत असताना एकदा हिशोब मांडला होता, दिवसाला साडेचार ते सहा टन. वडील म्हणाले, "शाळेत हेच शिकवतात काय?"

४६ व्या वर्षी एका सकाळी वाकले ते सरळच होईनात. कंबरेतून डाव्या पायात करंगळीपर्यंत कळ. एमआरआय काढला, गादी सरकलीय म्हणाले. त्या 'सरकलीय' शब्दानं घर घाबरलं. कुणी सांगितलं फळीवर झोपवा, कुणी सांगितलं हलूच देऊ नका. दोन महिने माणूस पडून राहिला. त्या दोन महिन्यांत पाय काठीसारखे झाले आणि दुखणं तिथंच. पुढे ज्यांच्याकडे गेलो त्यांनी पहिल्या दिवशीच उभं केलं, व्हरांड्यात चालवलं. पायातली ताकद जात नाही, लघवी-संडासवरचा ताबा जात नाही, तोवर ऑपरेशनची घाई करायची नाही, म्हणाले. चार-पाच महिन्यांनी कळ गेली. ऑपरेशन लागलंच नाही.

पण रवा परत उचलता आला नाही. ताटातलं जेवण त्या पाठीवर होतं. मी बी.एस्सी. सोडून शाहूपुरीत दुकानात लागलो. बहिणीचं लग्न दोन वर्षं पुढं गेलं. हे कुठल्या रिपोर्टात येत नाही.

शुक्रवार

माझं इथलं नाव शुक्रवार का, ते शेवटी सांगते.

२९ व्या वर्षी सकाळी उठल्यावर बोटं वळेनात. कणीक मळताना मूठ मिटायची नाही. नळाची चावी दोन्ही तळव्यांत धरून फिरवायची. दहा-साडेदहापर्यंत हात मोकळे व्हायचे आणि मग मी कुणालाच आजारी वाटायचे नाही. सासरी मत असं, की हिला सकाळच्या कामाचा कंटाळा. माहेरी मत, की वात आहे, बटाटा-वांगं सोड. दोन वर्षं बटाटा सोडला. गाडीचा ब्रेक दाबवेना म्हणून गाडी सोडली. बांगड्या मनगटावरून उतरेनात तेव्हा कासाराकडे जाऊन कापून घेतल्या, आणि त्या दिवशी सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, डॉक्टरला दाखवू.

संधिवात, पण म्हातारपणातला झिजेचा नव्हे. हा आमवात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. सकाळचा आखडलेपणा तासाभराहून जास्त टिकतो, दोन्ही हातांचे छोटे सांधे एकदम धरतात. पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर सांधे वाचतात. माझी डाव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली, ती त्या बटाट्याच्या दोन वर्षांतली.

माझं आमवाताचं औषध मेथोट्रेक्झेट, ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज घेतलं तर जिवावर बेततं. म्हणून कॅलेंडरवर प्रत्येक शुक्रवारी लाल गोल. पुढे मूल हवं होतं तेव्हा ते औषध आधीच बंद करून दुसरं सुरू करावं लागलं, ते सहा-सात महिने फार जड गेले. मुलगी आता चार वर्षांची आहे. तिला वाटतं शुक्रवारी लाल गोल म्हणजे सण.

उतरलेला लंगोट

खासबागेत कुस्त्या केलेला माणूस आहे मी. बैठका किती मारल्या ते सांगत नाही, खोटं वाटेल. गुडघे गेले तेव्हा सगळे म्हणाले बैठकांनी गेले. डॉक्टर म्हणाले तसं नाही. तरुणपणी एका कुस्तीत उजवा गुडघा पिळवटला होता, आतली चकती फाटलेली, हळद-तेल लावून तसाच परत उतरलो होतो. आणि दुसरं कारण माझं मीच. कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. ८२ चा ११० झालो.

आधी वजन उतरवा, मांडीचे स्नायू कमवा, मग बघू म्हणाले. वजन ९६ वर आणलं, दोन वर्षं ढकलली. २०१८ ला उजवा गुडघा बदलला. त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली होती, नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला ५४,७२० रुपये अधिक कर. त्याआधी शेजारच्याचा दीडलाखाच्या घरात गेला होता, नुसता गुडघा. बाकी बिल वेगळं. म्हणजे उशीर केला ते बरं झालं असं म्हणायला जागा आहे, पण दोन वर्षं जिना चढून घरात जाता येत नव्हतं ते बायकोला विचारा. खाली सोप्यात झोपायचो.

मांडी घालून बसता येत नाही आता. जेवणाच्या पंगतीत खुर्ची मागावी लागते, त्याची लाज जास्त.

आशाताई, भुदरगडकडची

मी गावातली आशा, म्हणजे घरोघरी जाणारी आरोग्य कार्यकर्ती. आमच्या भागात कंबर दुखत न्हाई अशी बाई दाखवा, मी हार घालतो. जून-जुलैत रोपलावण. गुडघाभर चिखल, दिवसभर वाकून, वरनं पाऊस. घरी आलं की चुलीपुढं उकिडवं, गोठ्यात उकिडवं, संडासला उकिडवं.

दूध डेअरीला जातंय आणि घरात कोरा चहा. ही दुधाच्या जिल्ह्यातली गंमत. पूर्वी निदान नाचणीची भाकरी तरी व्हती. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतंय, तांदळात त्यातलं काहीच न्हाई म्हणा. आता नाचणी शहरातली लोकं डाएट म्हणून नेत्यात आणि आमच्यातली पोरं बिस्किट खात्यात.

पण सांगायचं ते पुडीचं. एका बाजारच्या गावी एक जण पुड्या देतोय. नाव घेत न्हाई. आमच्या गावातल्या एका काकूंनी दीड वर्ष खाल्ल्या. चार दिवसांत दुखणं गायब. तोंड गोल झालं, गाल भरलं, गावातल्या बाया म्हणायला लागल्या, काकू, तब्येत सुधारली की ओ! मला ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं, असा गोल चेहरा दिसला की स्टिरॉइडचा संशय घ्यायचा. तालुक्याला नेलं. साखर वाढलेली, बीपी वाढलेलं, हाडं पोकळ. वर्षानं खुब्याचा गोळा सुकला, रक्तपुरवठाच बंद पडला. आणि पुडी एकदम तोडायची पण न्हाई, शरीर कोसळतंय, डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागली.

काकूंचा राग त्या पुडीवाल्यावर न्हाई. म्हणतात, "दीड वर्ष तर सुखात गेलं की." काय बोलायचं सांगा.

सीएनसीवाला

वय ३१, शिरोली एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कापकामाच्या मशीनवर. वाचून वाटलं आपलंही टाकावं, कारण इथे सगळ्यांचं काम करून दुखतंय आणि माझं काम थांबवलं की दुखायचं.

२२ व्या वर्षापासून रात्री तीन-साडेतीनला कंबर आणि ढुंगण दुखून जाग. पडून राहिलं की वाढायचं, चाललं की उतरायचं. म्हणून गल्लीत फेऱ्या मारायचो. गल्लीतली कुत्री ओळखायला लागली, भुंकायची बंद झाली. शेजाऱ्यांना वाटायचं पोरगं दारूच्या नादी लागलंय. डॉक्टर चार झाले. पहिल्यानं गादी सांगितली, दुसऱ्यानं गॅस, तिसऱ्यानं लग्न करा, चौथ्यानं मशीनवर उभं राहून होतंय, काम बदला.

मग एक दिवस डोळा लालभडक, उजेड सहन होईना. डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी थेंब दिले आणि विचारलं, "कंबर दुखते का? पहाटे?" मी खुर्चीतून पडायचा राहिलो. रक्ताची एचएलए-बी२७ तपासणी, ओटीपोटाच्या मागच्या सांध्यांचा एमआरआय. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. मणके हळूहळू एकमेकांना जोडले जातात, आणि हाच आजार डोळ्यातही उतरतो. सात वर्षं गेली होती, मान अर्धीच वळते आता. गाडी मागे घेताना मित्राला उतरून बघावं लागतं.

औषध आणि रोज पोहणं चालू आहे, रात्रीची झोप लागते. स्थळ येतं तेव्हा आधीच सांगतो. तीन गेली.

पंचगंगेकाठी

आमचं थोडक्यात. २००६ ची चिकुनगुनियाची साथ आठवते का? ताप पाच दिवसांत गेला, आईचे घोटे आणि मनगटं दोन वर्षं धरलेली होती. गल्लीत सगळे पेंग्विनसारखे चालायचे आणि एकमेकांना हसायचे.

फिजिओ, राजारामपुरी

आकड्यांचं मी बघतो, कारण रोज दहा-बारा जण असेच येतात आणि प्रत्येकाला वाटतं आपल्याच नशिबी आलंय.

२०२० साली जगात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती, २०५० पर्यंत ८४ कोटींच्या वर जातील असा अंदाज आहे. माणसाला काम करू न देणाऱ्या आजारांत ती जगात पहिल्या नंबरवर. सांध्यांची झीज असलेले साधारण ५९.५ कोटी. आपल्याकडचं हवं असेल तर पुणे जिल्ह्यातलं भिगवण घ्या. तिथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूनं घरोघर जाऊन पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांत सुमारे १८ टक्के लोकांना हाडा-सांध्या-स्नायूंचं दुखणं निघालं. म्हणजे पाचात जवळजवळ एक. खेडं आहे, अंगमेहनत आहे, चालणं आहे, तरी.

माझी तक्रार अशी, की या दुखण्यानं सहसा माणूस मरत नाही, त्यामुळे डेंग्यूसारखी बातमी होत नाही. आमदार पत्र्याच्या शेडखाली गुडघ्याच्या पट्ट्या वाटतात आणि फोटो निघतो. पट्टीला माझा विरोध नाही. पण पन्नाशीतल्या बाईला साध्या खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायला शिकवलं तर त्या पट्टीपेक्षा जास्त होतं, आणि त्याला फोटो नाही.

धागाकर्तीसाठी: घरातले सुटे पायपुसणे उचला, न्हाणीत आधाराचा बार बसवा, रात्रीचा दिवा लावा. एकदा मोडलेलं हाड म्हणजे पुढच्यासाठी इशारा.

मंगळवारपेठेतली

बार बसवला. गवंड्यानं आधी टॉवेलच्या रॉडच्या उंचीवर ठोकला होता, परत काढून घेतला.

कुणीतरी व्यक्तिगत विचारलं, पैसे कुठून आणले. आईची भिशी, माझी एक मुदत ठेव, आणि मामांनी दिले. ते मोजता येतात. मी क्लासेस सात महिने बंद ठेवले, दहावीची बॅच दुसरीकडे गेली ती गेलीच. आईला आता वर्षातून एकदा हाडांचं इंजेक्शन सलाइनमधून देतात. वॉकर घेऊन रंकाळ्यावर तांबट कमानीपर्यंत जाते, परत येताना रिक्षा मागते.

चौकट

धागा काल रात्री वाचला आणि झोप नाही लागली. आमच्या दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत. सकाळी सासूबाईंना चप्पल काढून तिथेच उभं केलं. त्या जिल्हा परिषदेत शिक्षिका होत्या, नोकरीला लागतानाच्या सर्व्हिस बुकात उंची १५५ सेंटीमीटर लिहिलेली आहे, स्वतःच्या अक्षरात. चौकटीवर १४९ भरली. दोनदा मोजली.

शुक्रवारी डेक्साची वेळ घेतलीय. सासूबाईंचं म्हणणं, मी पेन्सिल तिरकी धरली.