मदत हवी आहे: मिनिएचरसाठी फरसबंदीचे बेस घरी ओतू, कापू की विकत घेऊ?

नमस्कार मंडळी,

आमच्या पाच जणांच्या गटाची डंजन्स अँड ड्रॅगन्स या पटावर पात्रं घेऊन खेळायच्या कथाखेळाची पुढची मोहीम जमिनीखालच्या एका पडक्या नगरात घडणार आहे. मिनी (मिनिएचर, म्हणजे पात्रांच्या छोट्या मूर्ती) रंगवून झाल्या, पण अजून काळ्या प्लास्टिकच्या चकत्यांवरच उभ्या आहेत. त्यांच्या पायाखाली मला जुनी, झिजलेली फरसबंदी हवी आहे. २५ मिमीचे ३० बेस आणि ओगरांसाठी (थोराड राक्षस, पटावर दोन बाय दोन चौकोन व्यापणारे) ५० मिमीचे ४. पटावरचा चौकोन एक इंचाचा असल्याने याहून मोठे चालणार नाहीत.

आधी पीओपी करून पाहिलं. एम-सीलची पातळ पोळी लाटली, घट्ट व्हायच्या आत तिच्यावर दगडांच्या दरजा कोरल्या, त्यावरून सिलिकॉन रबराचा साचा घेतला. साचा छान उतरला. पण ओतलेल्या प्रत्येक बेसला बुडबुड्यांची भोकं, आणि साच्यातून काढताना कडांचे टवके उडतात. शिवाय पीओपी रंग पिऊन टाकतं, वर नुसते डाग राहतात.

मग ५ मिमी जाडीचा एक्सपीएस फोम आणला (थर्माकोलसारखाच, पण घट्ट आणि बिनमण्यांचा; साध्या थर्माकोलचे मणी सुटतात). ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा त्यावर दाबत फिरवला की टाकीने घडवल्यासारखा पोत येतो. इतकं सुंदर दिसत होतं! वरून काळा स्प्रे प्रायमर मारला आणि डोळ्यांदेखत अकरा बेस वितळले. फार वाईट वाटलं.

विकतचे रेझिनचे बेसही पाहिले. कोरीवकाम उत्तम, पण एका संचात मोजकेच नमुने. ३४ मिनी शेजारी ठेवल्या की तोच तडा त्याच जागी पुन्हा पुन्हा दिसणार.

रंगाचंही अडलंय. शनिवारवाड्याच्या तटाचा खालचा दगडी भाग मुद्दाम जवळ जाऊन पाहून आले. एकही दगड नुसता करडा नाही. कुठे निळसर, कुठे तपकिरी, कुठे शेवाळ सुकून पिवळट झालेलं. माझे बेस मात्र सिमेंटचे वाटतात. काय चुकतंय?

पेणकर_भाचा:
ताई, साचा चांगला उतरलाय तर ओतणं सोडू नका. मामांचा गणपतीचा कारखाना आहे, तिथे शिकलेलं सांगतो. पावडरीवर पाणी ओतायचं नाही, पाण्यात पावडर भुरभुरवायची, ती भिजू द्यायची आणि मगच सावकाश ढवळायचं. साच्याला आधी साबणाच्या पाण्याचा हलका हात द्या. पहिला थर ब्रशने दरजांमध्ये बसवा, मग बाकीचं ओतून साचा खालून टिचक्या मारत हलवा. भोकं जवळपास जातील.

टवक्यांसाठी पीओपीऐवजी डेंटल स्टोन (दातांचे साचे ओतायचं कडक प्लास्टर) वापरा, दंतवैद्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. १०० ग्रॅमला साधारण ३० मिली पाणी पुरतं, पीओपीला ५० च्या आसपास लागतं. पाणी कमी म्हणून माल घट्ट. पूर्ण वाळल्यावर फेविकॉलमध्ये चौपट पाणी घालून एक हात मारा, रंग पिणं थांबेल.

भुयारवासी:
फोम वितळला तो स्प्रेमधल्या द्रावकामुळे. काळ्या ॲक्रिलिकमध्ये फेविकॉल मिसळून ब्रशने दोन हात द्या, बाजू आणि कडाही सोडू नका. त्यानंतर स्प्रेची गरजच उरत नाही. फोम हलका असतो, त्यामुळे मिनी कलंडते. खाली लोखंडी वॉशर चिकटवा. तुटलेल्या दगडांचे ढिगारे हवे असतील तर कॉर्क शीट हाताने तोडा, कात्रीने नको.

सिमेंट दिसतंय कारण सगळ्या फरशा एकाच डब्यातल्या रंगाने रंगवल्यात. गडद करडा देऊन झाला की चारपाच फरशा वेगळ्या काढा. एकीच्या करड्यात निळा थेंबभर, दुसरीत तपकिरी, तिसरीत पिवळी माती. मग पातळ काळपट तपकिरी रंग सगळीकडून सोडा, तो दरजांत साचेल. वाळल्यावर जवळजवळ कोरडा ब्रश फिक्या करड्यात टेकवून फक्त कडांवरून फिरवा. मधल्या भागावर फिरवलात की पुन्हा पांढुरकं दिसेल.

मूळ धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार! डेंटल स्टोनचे सहा बेस काल ओतले, एकाचीही कड उडाली नाही. साचा प्रत्येक वेळी थोडा फिरवून चकती कापली, त्यामुळे एकाच साच्यातून दरजा वेगवेगळ्या आल्या. ओगरांचे चार मोठे बेस फोमचेच करते, कारण उंचसखल पायऱ्या कापायला तोच बरा. वेगवेगळ्या करड्यांचं तर काय सांगू, पहिली फरशी निळसर झाली आणि मला तो तटच आठवला.

आता एकच अडचण. मिनीच्या पायांत तार घालून ती बेसमध्ये रोवायची आहे. धनुर्धारी एल्फचे घोटे जेमतेम दीड मिमीचे आहेत. हातड्रिलने १ मिमीचं भोक पाडलं तर घोटा फुटेल का? यापेक्षा बारीक ड्रिल बिट आणि त्यात बसेल अशी तार कोणी वापरली आहे का?