चार वर्षांच्या मुलीचा नाताळ: जुने काय राखावे, नवे काय आणावे?

प्रश्न: साताऱ्याची लेक (सांगली)

नमस्कार. माझे माहेर साताऱ्याचे आणि सासर मिरजेचे. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत सुरू केलेल्या रुग्णालयाभोवती जी ख्रिस्ती वस्ती वाढली, तिथले हे जुने घर. आम्ही दोघे आता नोकरीमुळे सांगलीत राहतो. दोन्ही घरांतला नाताळ मराठी वळणाचाच आहे, तरी त्याचा भर वेगवेगळ्या गोष्टींवर असतो. सासरी फराळ आणि माणसांची ये-जा महत्त्वाची. डिसेंबर अर्धा सरला की करंज्या, शंकरपाळी, चकल्यांचे डबे भरू लागतात आणि २५ तारखेला उपासनेहून परतल्यावर शेजारी ताटे पोहोचल्याशिवाय घरातले कोणी जेवायला बसत नाही. माहेरी फराळ बेताचाच होई, पण नाताळच्या आधीच्या आठवड्यात ढोलकी-पेटी घेऊन घरोघरी गाणी म्हणायला जाणे कधी चुकले नाही.

मुलगी आता चार वर्षांची आहे. बालवाडीत सांताक्लॉज येऊन चॉकलेटे वाटून गेल्यापासून तिच्या लेखी नाताळ म्हणजे तो आणि त्याची झोळी. सासूबाईंना हे खटकते. ज्याचा वाढदिवस, त्याचे नावसुद्धा पोरीच्या तोंडी नाही, असे त्या म्हणतात. यजमानांच्या मते लहानपणी एवढी मौज चालायचीच. मला दोघांचेही पटते, म्हणून तर अडचण आहे. या वयाला झेपेल आणि मोठेपणी तिला आपले वाटेल, असे जुन्यातले काय राखावे आणि नवे काय सुरू करावे? गाणी म्हणणारी मंडळी रात्री उशिरा येतात आणि ती तोवर पेंगते, याचाही विचार करावा लागतो.

उत्तर १: निवृत्त परिचारिका (मिरज)

ताई, सांताक्लॉजला घराबाहेर काढण्याच्या खटाटोपात पडू नका. त्याच्या मागचा माणूस मुलीला दाखवा. निकोलस हा चौथ्या शतकातला बिशप, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा. गरजूंना गुपचूप मदत करणारा म्हणून त्याची ख्याती आहे आणि ६ डिसेंबर हा त्याचा स्मरणदिन. आमच्या घरी त्या दिवशी नातवंडे स्वतःच्या खेळण्यांतले किंवा कपड्यांतले चांगल्यापैकी काहीतरी निवडून पिशवीत घालतात आणि ती पिशवी, कोणी दिली ते न सांगता, गरज असलेल्या घरी जाते. फाटके-तुटके चालत नाही, ही अट मी स्वतः तपासते! देण्याचा दिवस असा आधी येऊन गेला की २५ तारखेच्या भेटवस्तूंचा हव्यास आपोआप थोडा ओसरतो.

दुसरे म्हणजे गव्हाणीचा देखावा. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी खरे गवत आणि खरी जनावरे आणून ख्रिस्तजन्माचा प्रसंग उभा केला होता, आणि आपण मात्र काचेच्या कपाटात चिनी मातीच्या मूर्ती ठेवून मुलांना ‘हात लावू नकोस’ म्हणतो. मूर्ती लाकडाच्या किंवा शाडूच्या घ्या, म्हणजे हाताळता येतील. सांगलीकडे डिसेंबरात ऊसतोड चालू असते, तेव्हा गोठा शाकारायला पाचट हवे तेवढे मिळेल. त्याच्या पातीची धार कापते, म्हणून ते मोठ्यांनी बोटभर लांबीचे कातरून द्यावे आणि मुलीने ते गव्हाणीत अंथरावे. बाळ मात्र २४ तारखेच्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायचे नाही. बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक घराच्या दुसऱ्या टोकाला, शिवणयंत्रावर किंवा फडताळात उभे करायचे आणि रोज थोडे पुढे सरकवत ६ जानेवारीला गोठ्यापाशी पोहोचवायचे. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्यांची संख्या दिलेली नाही. सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटी आहेत म्हणून आपण ते तीन धरतो, त्यामुळे मुलीने चौथा म्हणून एखादा बाहुला रांगेत घुसवला तरी हरकत घेऊ नये.

पाचटाची एकेक काडी मुलीने दिवसभरात केलेल्या चांगल्या कामाबद्दल ठेवावी, अशीही पद्धत काही घरांत आहे.

उत्तर २: अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

वरील ताईंचे बाकी सगळे मान्य आहे, पण चांगल्या कामाबद्दल काडी ठेवण्याची पद्धत मला पटत नाही. चार वर्षांचे मूल चार दिवसांत हिशेब शिकते आणि ‘पाणी आणून दिले, आता काडी दे’ असा व्यवहार घरात सुरू होतो. पाचट नुसतेच अंथरू द्यावे.

मला लिहायचे आहे ते गाण्यांविषयी. रेव्हरंड नारायण वामन टिळक अखेरच्या वर्षांत आमच्या साताऱ्यात राहत होते. १९१९ साली ते वारले, पण अभंगाच्या आणि भजनाच्या चालीत ख्रिस्ताला आळवण्याची जी वाट त्यांनी रुळवली, तिच्यामुळे टाळ-पेटीवरचा नाताळ आपल्याला परका वाटत नाही. लहान मुलांना ही भजने इंग्रजी कॅरलपेक्षा लवकर पाठ होतात, कारण ध्रुवपद पुन्हा पुन्हा येते आणि टाळ वाजवायला हात मोकळे असतात. आपल्या चर्चच्या मंडळीतल्या तरुणांना विनंती करून पाहा, एका संध्याकाळी फेरीची सुरुवात सातच्या सुमारास तुमच्याच घरून होऊ द्या. मुलीच्या हाती लहान टाळ द्यावेत, पुढच्या एक-दोन घरांपर्यंत तिला न्यावे आणि पेंगू लागण्याआधी परत आणावे. मध्यरात्रीच्या उपासनेला झोपलेले मूल खांद्यावर टाकून नेण्याचा हट्ट मात्र करू नये. त्यात मुलाचे आणि पालकांचे, दोघांचेही हाल होतात.

उत्तर ३: विश्रामबागची शेजारीण (सांगली)

मी ख्रिस्ती नाही, पण अनेक वर्षे शेजारच्या घरून नाताळचा फराळ आमच्याकडे येतो आणि दिवाळीचा त्यांच्याकडे जातो, त्या नात्याने लिहिते. ताट मुलीच्या हातानेच पाठवा. चार वर्षांच्या मुलीला भरलेले ताट पेलत नाही, तेव्हा झाकणाचा छोटा डबा द्यावा आणि मागे एका मोठ्या माणसाने उभे राहावे. आम्ही भांडे कधी रिकामे परत करत नाही, हे मुलांच्या लगेच ध्यानात येते आणि दुसऱ्या वर्षी त्यांना आठवण करून द्यावी लागत नाही.

एक सूचना. त्या सुमारास कोणाकडे मार्गशीर्षातले गुरुवार असतात, कोणी बारमाही अंडे खात नाही, म्हणून केकचा एक घाणा बिनअंड्याचा करून वेगळ्या डब्यात द्यावा. बेदाणे तर आपल्याकडचेच. नवा माल उन्हाळ्याच्या तोंडावर येत असला तरी शीतगृहातला तासगावचा बेदाणा डिसेंबरात सहज मिळतो, आणि तो निवडून देठ काढण्याचे काम लहान मुले आवडीने करतात, अर्थात काही बेदाणे तोंडात जाणार हे धरून चालावे.

साताऱ्याची लेक (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे सासूबाईंना वाचून दाखवली. ६ डिसेंबरची पिशवी त्यांना फार आवडली आणि सांताक्लॉज बिशप निघाल्यामुळे त्यांचा विरोधही बराच मावळला आहे. काडीच्या बाबतीत आमचेही मत साताऱ्याच्या दादांसारखेच झाले. ज्ञानी लोकांचा प्रवास स्वयंपाकघरातल्या फळीवरून सुरू करायचे ठरले असून पाचट यजमानांचे मित्र कवठेपिरानहून आणून देणार आहेत. गाण्यांच्या फेरीसाठी पाळकसाहेबांशी रविवारी बोलते.

बिनअंड्याच्या केकला दही आणि खाण्याचा सोडा घालतात एवढे माहीत आहे, पण बेदाणे तळाला बसू नयेत म्हणून ते आधी मैद्यात घोळवावेत की भिजवून घालावेत, हे कोणी सांगितल्यास बरे होईल.

विश्रामबागची शेजारीण (सांगली)

आधी भिजवा, फडक्यावर कोरडे करा आणि मग चमचाभर मैद्यात घोळवा. मिश्रण घट्टसर ठेवा, पातळ झाले तर मैदा लावूनही बेदाणे खाली जातात.