‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ : वाचताना, शिकवताना, चर्चा घडवताना आलेले अनुभव

हार्पर ली यांची ही कादंबरी १९६० साली आली, पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर मिळालं आणि तेव्हापासून ती वर्गांत, वाचनगटांत, वकिलांच्या चर्चांत फिरते आहे. ‘पूर्वग्रह वाईट, दुसऱ्याच्या जागी जाऊन बघावं’ एवढं म्हणून तिला हातावेगळं करणारेही पुष्कळ. म्हणून इथे सार नको. पुस्तकाशी कामाच्या निमित्ताने ज्यांचा संबंध आला आहे त्यांनी नेमकं कुठे अडतं, काय कशाला जोडून वाचावं, चर्चा कुठे घसरते ते लिहावं. प्रकरणाचा क्रमांक जरूर द्या. ज्यांचं वाचून व्हायचं आहे त्यांच्यासाठी सूचना : खाली सगळं कथानक उघड होणार आहे. पात्रांची ओळख एवढीच : अलाबामातल्या एका गावात वकील ॲटिकस फिंच टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसाचा खटला लढवतो, त्याच्यावर मायेला युएल या गोऱ्या मुलीवरच्या बलात्काराचा आळ आहे. गोष्ट सांगते ॲटिकसची मुलगी स्काउट (जीन लुईस), जेम तिचा मोठा भाऊ.

*

वाचनगटासाठी लिहितोय. एकूण ३१ प्रकरणं, दोन भाग. पहिला भाग अकराव्या प्रकरणाला संपतो. सहा बैठका धरा : १ ते ७, ८ ते ११, १२ ते १५, १६ ते २१, २२ ते २६ आणि २७ ते ३१. खटल्याची प्रकरणं तोडू नका. सोळाव्यात लोक कोर्टाकडे निघतात, एकविसाव्यात निकाल लागतो. हे एका दमात वाचलं तरच कोर्टाच्या गॅलरीतला उकाडा अंगावर येतो.

नेहमीची चूक म्हणजे ‘पहिला भाग संथ आहे’ म्हणून तो भरभर उरकणं. मग निकाल नुसता वाईट वाटतो, जेमला तो का मोडून टाकतो हे कळत नाही. त्या पोराचा आपल्या गावावरचा विश्वास पहिल्या अकरा प्रकरणांत विटेवर वीट ठेवून रचलेला आहे.

गटाला एक काम हमखास द्यावं : कनिंगहॅम कुटुंबाचा माग काढायचा. दुसऱ्या प्रकरणात शाळेच्या पहिल्या दिवशी लहानगा वॉल्टर बाईंनी देऊ केलेलं नाणं घेत नाही, कारण फेडता येणार नाही. तिसऱ्यात तो फिंचांकडे जेवायला येतो, ताटभर काकवी ओततो, स्काउट त्याच्यावर ओरडते आणि फिंचांकडे स्वयंपाक करणारी काळी बाई कॅल्पर्निया तिला स्वयंपाकघरात नेऊन झाडते. पंधराव्यात वॉल्टरचा बाप तुरुंगासमोरच्या जमावात उभा असतो आणि स्काउट त्याला त्याच्या पोराची खुशाली विचारते. तेविसाव्यात कळतं की ज्यूरीतला जो एकटा माणूस टॉमला सोडा म्हणत अडून बसला होता, तो याच कनिंगहॅमांचा नातलग. आणि त्याच तेविसाव्यात अलेक्झांड्रा आत्या स्काउटला बजावते की वॉल्टरला घरी बोलवायचं नाही, तसली माणसं आपली नव्हेत. नाणं, काकवी, जमाव, ज्यूरी, आत्या. या क्रमाने पाच पानं समोर ठेवली की कादंबरीत माणूस कसा बदलतो आणि कोण मुळीच बदलत नाही, यावर वेगळं बोलावं लागत नाही.

*

वर्गात शिकवताना पहिला प्रश्न येतो तो काळ्या माणसांसाठीच्या त्या शिवीचा. पुस्तकात ती वारंवार येते. मोठ्याने वाचायची की गाळायची, हे पहिल्या तासाला ठरवून सांगावं. आयत्या वेळी अडखळलं की वर्ग हसतो आणि तास हातचा जातो. मी सुचवेन ती पद्धत : पानावर शब्द तसाच राहू द्यावा, मोठ्याने वाचताना गाळावा, आणि नववं प्रकरण आधी वाचून दाखवावं. तिथे शब्द स्काउटच्याच तोंडी आहे. शाळेत ऐकलेला, अर्थ न कळता उचललेला. ॲटिकस तिला तो वापरायला मना करतो. विष कुठून येतं हे सांगायला याहून सोपी जागा नाही : मधल्या सुट्टीतून.

दुसरी गोष्ट निवेदनाची. बोलते आहे मोठी झालेली जीन लुईस, पण बघते आहे सहा ते नऊ वर्षांची स्काउट. विद्यार्थी या दोघींची गल्लत करतात आणि ‘एवढ्या लहान मुलीला असे शब्द कसे सुचतील’ यावर अडकतात. उपाय साधा आहे. वहीच्या पानावर दोन रकाने आखायचे : ‘स्काउटला काय दिसलं’ आणि ‘आपल्याला काय कळलं’. पंधराव्या प्रकरणासाठी भरून बघा. डावीकडे : ओळखीचे काका दिसले, गप्पा मारल्या, ते निघून गेले. उजवीकडे : झुंडबळी टळला. दोन रकान्यांमधलं अंतर पुस्तकभर कमी होत जातं आणि शेवटच्या दोन प्रकरणांत जवळजवळ मिटतं. तिचं मोठं होणं ते हेच. त्यासाठी वाढदिवस मोजायला नकोत.

*

छोटी भर. ‘मॉकिंगबर्ड म्हणजे टॉम’ असं उत्तर पाठ करून येणाऱ्यांना पक्ष्याच्या जागा शोधायला लावा. दहाव्यात ॲटिकस म्हणतो की तो मारणं पाप आहे. का, ते मात्र शेजारच्या मॉडीबाई समजावतात. त्याच प्रकरणात पिसाळलेला कुत्रा येतो तेव्हा पक्षी गप्प असतात. एकविसाव्यात निकालाची वाट बघताना पुन्हा तीच शांतता, आणि स्काउटला भास होतो की ॲटिकस रस्त्यात उभा राहून बंदूक चालवतोय, फक्त बंदूक रिकामी आहे. अठ्ठाविसाव्यात, मायेलाचा बाप बॉब युएल मुलांवर हल्ला करतो त्याच्या थोडं आधी, रॅडलींच्या ओकवर एकच पक्षी गातो. तिसाव्यात, मुलांना वाचवणाऱ्या, कधी घराबाहेर न पडणाऱ्या शेजारच्या बू रॅडलीला उजेडात ओढणं म्हणजे काय, ते स्काउट स्वतः बोलून दाखवते. टॉमच्या मृत्यूनंतरचा, गावच्या वृत्तपत्राचा संपादक अंडरवुड याचा अग्रलेखही (पंचविसावं) याच ओळीत बसतो.

*

खटला वाचताना पुरावा कागदावर मांडा, नाहीतर सगळं ॲटिकसच्या भाषणात वाहून जातं. शेरिफ टेट सांगतो : मायेलाच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला मार, गळ्याभोवती सगळीकडून बोटांचे वळ. डॉक्टर कोणीच बोलावला नव्हता. बॉब युएलला पाकिटावर नाव लिहायला लावलं, तो डावखुरा निघाला. टॉमचा डावा हात लहानपणी सरकी काढण्याच्या यंत्रात सापडला, आखडून फूटभर तोकडा झाला आणि निकामीच. दोन्ही हातांनी गळा आवळणं त्याला शक्य नाही. प्रकरण १७ ते १९ वाचताना हे चार मुद्दे ज्याचे त्याने टिपायचे. मग विसाव्यातलं भाषण वाचायचं. लक्षात येतं की भाषणाआधीच खटला संपलेला होता.

तरी टॉम हरला. कुठे, तर एका वाक्यात. सरकारी वकील गिल्मर विचारतो की मायेलासाठी फुकट का राबलास, आणि टॉम म्हणतो, मला तिची दया आली. काळ्या माणसाने गोऱ्या बाईची दया करायची? ज्यूरीचं मन त्या क्षणी पक्कं होतं. एकोणिसाव्यात या जागी थांबा. यात टॉमने काही चूक केली असं वर्गाला वाटू लागतं, तेव्हा स्पष्ट सांगावं : चूक त्या सभागृहात होती जिथे दया वरून खालीच वाहू शकत होती.

पार्श्वभूमी म्हणून एवढं पुरतं : मार्च १९३१मध्ये अलाबामातच नऊ काळ्या पोरांवर गोऱ्या मुलींवरच्या बलात्काराचा आळ आला, दोन आठवड्यांच्या आसपास आठ जणांना फाशी सुनावली गेली. स्कॉट्सबरो खटला म्हणतात तो हाच. सर्वोच्च न्यायालयाने १९३२ साली नीट वकील न दिल्याच्या कारणावरून आणि १९३५ साली ज्यूरीतून काळ्यांना वगळल्याच्या कारणावरून या शिक्षा फिरवल्या. कादंबरीतला खटला १९३५च्या उन्हाळ्यातला. ज्यूरीत बायका का नाहीत, हे मुलं तेविसाव्यात विचारतात. अलाबामात ती बंदी १९६६पर्यंत टिकली.

*

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण एक खिळा ठोकून ठेवतो. ॲटिकसला देव केला की पुस्तक लहान होतं. पंधराव्यात तो मुलांना सांगतो की क्लॅन (काळ्यांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची संघटना, कू क्लक्स क्लॅन) ही १९२०च्या आसपास होती, आणि ती मुख्यतः राजकीय संघटना होती. विशेच्या दशकात अलाबामात क्लॅन चांगलीच फोफावलेली होती. मुलांना भीती वाटू नये म्हणून बोलला असेल, पण बोलला ते खोटं पडतं. शिवाय टॉमचा खटला त्याने आपण होऊन घेतलेला नाही, न्यायमूर्ती टेलरने त्याच्याकडे सोपवलेला आहे. २०१५ साली ‘गो सेट अ वॉचमन’ आलं, त्यात सव्वीस वर्षांची जीन लुईस बापाला वर्णभेदवाद्यांच्या बैठकीत बसलेला बघते. ते लिखाण आधीचं आहे, त्यामुळे ‘ॲटिकस पुढे बिघडला’ असं म्हणता येत नाही. पण त्या दोन पुस्तकांवर एक बैठक ठेवा. भांडण होतं, आणि चांगलं होतं.

आणखी एक मोजणी करून बघा. टॉम रॉबिन्सन स्वतःच्या आवाजात किती पानं बोलतो? साक्षीचं एकोणिसावं सोडलं तर जवळजवळ काहीच नाही. त्याची बायको हेलन त्याहून कमी. तुरुंगाच्या आवारात त्याला सतरा गोळ्या लागतात ही बातमीसुद्धा गोऱ्या बायकांच्या चहापार्टीच्या आडून येते. हे लेखिकेचं कौशल्य की मर्यादा, माझं मत दोन्ही.

*

अनुवाद करणाऱ्याच्या बाजूने. सर्वांत कठीण प्रकरण बारावं, कॅल्पर्निया मुलांना काळ्यांच्या चर्चमध्ये नेते ते. कॅल्पर्निया घरी एक इंग्रजी बोलते आणि आपल्या माणसांत दुसरं. स्काउट विचारते, नीट बोलता येतं तर तसं का बोलतेस? ती म्हणते, इथे तसं बोलले तर लोक म्हणतील शेफारली. मराठीत हे आणायला लगेच एखाद्या भागाची किंवा समाजाची बोली उचलायचा मोह होतो. तो टाळावा. ती बोली आपल्याबरोबर आपले पूर्वग्रह घेऊन येते आणि अलाबामातली बाई भलतीकडची होऊन बसते. वाक्यं आखूड करणं, क्रियापद पुढे घेणं, एखादा प्रत्यय गाळणं, एवढ्यावर फरक दाखवता येतो.

दुसरा पेच ‘तू’ आणि ‘तुम्ही’चा. पोरं बापाला नावाने हाक मारतात, पण अदब असते. ‘ॲटिकस, तू’ असं ठेवलं तर उद्धट वाटत नाही, जवळीक वाटते. फक्त पहिल्या प्रकरणापासून शेवटपर्यंत तेच टिकवायचं. त्याउलट कॅल्पर्निया बाराव्यात जेमला ‘मिस्टर जेम’ म्हणू लागते. कालपर्यंत ज्याचे कान धरायची त्याला आज मान, कारण तो आता गोरा तरुण होत चालला आहे. इथे ‘तू’चं ‘तुम्ही’ करा. मराठीला हे अंगभूत आहे. मुळात एका शब्दाने होतं ते आपल्याकडे प्रत्येक क्रियापदात ऐकू येतं.

*

चोविसावं आणि सव्विसावं प्रकरण एकत्र वाचा, असा आग्रह आहे. चोविसाव्यात मिशनरी मंडळाच्या बायका दूर आफ्रिकेतल्या म्रुना लोकांसाठी डोळे पुसतात आणि त्याच दमात आपल्या काळ्या मोलकरणीचा चेहरा पडलेला असतो म्हणून तक्रार करतात. सव्विसाव्यात स्काउटच्या शिक्षिका गेट्सबाई फळ्यावर मोठ्या अक्षरात लोकशाही लिहितात, हिटलर ज्यूंना छळतो म्हणून कळवळतात. पण कोर्टाच्या पायऱ्यांवर याच बाई म्हणाल्या होत्या की या लोकांना कोणीतरी धडा शिकवायला हवाच होता. स्काउट हे जेमला विचारते आणि जेम संतापून तिला धरून हलवतो : त्या कोर्टाचं नाव काढू नकोस.

चर्चेत सगळे गेट्सबाईंना दांभिक म्हणून मोकळे होतात. तेव्हा विचारावं : त्यांना स्वतःला हे कळलंय का? पुस्तकात तरी नाही. त्या मनापासून रडतात, मनापासून बोलतात. दुष्ट बॉब युएल ओळखायला सोपा. हातात पेला घेतलेली, चांगली शिकवणारी, प्रेमळ बाई ओळखायला अवघड, आणि लेखिकेने शेवटच्या टप्प्यात मुद्दाम तिच्यावर प्रकरणं खर्च केली आहेत.

याच चोविसाव्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. स्काउटने गुलाबी झगा घातलाय, आत तिची विजार आहेच. टॉम मेल्याचं स्वयंपाकघरात कळतं. आत्या क्षणभर कोसळते, मग सावरून बाहेर जाते. स्काउटही बिस्किटांचं ताट उचलते आणि बायकांत फिरू लागते. अशा वेळी आत्याला बाईपण सांभाळता येत असेल तर मलाही येईल, एवढंच तिच्या मनात. झगा आणि विजार दोन्ही अंगावर असतानाच ती मोठी होते. ‘आत्या जुन्या वळणाची, म्हणून चुकीची’ असं लिहिणाऱ्यांना हे पान परत वाचायला द्यावं.

*

शेवटी नकाशा. मोठा कागद घ्या, मध्ये फिंचांचं घर. पहिल्या प्रकरणात पोरांच्या खेळण्याची हद्द दिली आहे : उत्तरेला दोन घरं सोडून मिसेस ड्युबोस, दक्षिणेला तीन घरं सोडून रॅडली. मॉडीबाईंचं घर समोर. रॅडलींच्या कडेला ढोलीचा ओक. बूने मुलांसाठी त्यात ठेवलेल्या वस्तू क्रमाने लिहा : च्युइंगगम, दोन जुनी नाणी, सुतळीचा गुंडा, साबणाच्या दोन बाहुल्या, पदक, बंद पडलेलं घड्याळ. सातव्यात बूचा भाऊ नेथन रॅडली ढोलीत सिमेंट भरतो तिथे फुली मारा. जेम त्या संध्याकाळी दाराबाहेर एकटा उभा राहून रडतो, पण आवाज होत नाही.

प्रत्येक बैठकीला घटना त्या त्या घरापाशी लिहीत जायच्या. आग, कुत्रा, कॅमेलियाची झाडं. एकतिसाव्या प्रकरणाच्या आधी कागद फिरवायचा, रॅडलींचा ओटा आपल्याकडे येईल असा. स्काउट बूला घरी पोचवून तिथे वळून उभी राहते तेव्हा तिला दिसतं ते हेच : आपलाच रस्ता, दुसऱ्या टोकाकडून, आणि त्यावर खेळणारी दोन पोरं. त्या पोरांनी ढोलीत कधी काही ठेवलं नव्हतं, हेही तिला तिथेच आठवतं.