मदत हवी आहे: कलमांच्या बागेसाठी कोणती गाडी घ्यावी? मिनी ट्रक, पिकअप की मिनी ट्रॅक्टर?

मधलीवाडी
नमस्कार. राजापूर तालुक्यात बाग आहे. हापूसची कलमं आणि काजू. बागेतल्या कामाला एक गाडी घ्यायची आहे. बजेट सहा लाख. टाटा एस, सुपर कॅरी, जुनी बोलेरो पिकअप आणि मिनी ट्रॅक्टर एवढी नावं डोक्यात आहेत. ज्याला विचारावं तो वेगळंच नाव सांगतो. तोडणी सुरू व्हायच्या आत गाडी दारात हवी, त्यामुळे घाई आहे. "गरजेनुसार ठरवा" असं कृपया लिहू नका, तेवढं मलाही कळतं. वापरणाऱ्यांनी थेट नाव सांगा.

घाटमाथा
सुपर कॅरी. डोळे झाकून घ्या. बाराशे सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, चढाला चांगला दम आहे. माझी भाजीची गाडी आहे, रोज कराड मार्केट. काहीही तक्रार नाही.

पाणंद
भाऊ, बाग किती? उतार किती? गाडी बागेच्या फाटकापर्यंत जायची आहे की आत कलमांमधून फिरायची आहे? ओझं कसलं? पावसातही लागणार का? हे कळल्याशिवाय नाव सांगून काय उपयोग?

घाटमाथा
वापरणाऱ्यांनी सांगा असं वर स्पष्ट लिहिलंय. मी वापरतो, म्हणून सांगितलं.

मधलीवाडी
तीन एकर. ओझं नेहमीचंच: क्रेट, खत, फवारणीचं पाणी. उतार आहे, कोकणात सपाट जमीन कुणाकडे असते? आणि मी भाऊ नाही, ताई आहे. गाडी मीच चालवणार.

ऑस्टिनकर
ताई, तुम्हाला हवी ती वस्तू म्हणजे साइड-बाय-साइड. आमच्याकडे टेक्सासमध्ये छोट्या शेतांवर जॉन डिअर गेटर किंवा पोलारिस असते. दोन माणसं बसतात, मागे उलटा होणारा छोटा हौदा, चारही चाकांना ताकद, टायर मऊ. कुंपणाची कामं, गवताचे भारे, तोडलेली लाकडं, सगळं तीच ओढते. ट्रॅक्टर फक्त नांगरायला बाहेर काढतो. एकदा वापरून बघाच.

नियमावर_बोट
तिकडे ठीक आहे. इथे अशा गाडीची रस्त्यावर चालवायला नोंदणी होत नाही, आणि गाव ते बाग मध्ये डांबरी रस्ता ओलांडावाच लागतो. सहा लाखांत नवी येणारही नाही.
ताई, मिनी ट्रक घेतलात तर पिवळी पाटी येते. एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही, पण फिटनेस प्रमाणपत्र लागतं. नव्या गाडीला पहिली दोन वर्षं, पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. आणि तुम्हाला बॅज, म्हणजे लायसन्सवर मालवाहू गाडीची वेगळी नोंद, काढावा लागेल.

पाणंद
बॅजचं जुनं झालं. ६ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिलाय: हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स असेल तर साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. २०१७चाच निकाल त्यांनी कायम ठेवला. लोकांना उगाच एजंटाच्या दारात पाठवू नका.

नियमावर_बोट
निकाल मला माहीत आहे. नाक्यावर अडवणाऱ्याला माहीत असतो का, हा प्रश्न आहे. तरी कायद्याचं म्हणाल तर तुमचं बरोबर, बॅजचा मुद्दा मागे घेतो. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. मालवाहू गाडीच्या हौद्यात गडी बसवून नेऊ नका. सगळे नेतात, मला ठाऊक आहे. एकदा गाडी कलंडली की विमा कंपनी हात वर करते आणि गेलेल्या माणसाच्या घरच्यांना तोंड तुम्हाला द्यावं लागतं.

कुडाळची_वाट
पावसात कातळार शेवाळ धरला की रिकामी पिकअप चढणा नाय. मागे वजन नसला की चाक जाग्यारच फिरता. आमी रेतीची पोती टाकून चढवतो. ओझ्यासकट जाताली, रिकामी जावची नाय, ह्या ध्यानात ठेवा.

यंत्रवेडा
या सगळ्यात पॉवर टिलरचं नाव कुणी घेत नाही याचं आश्चर्य वाटतं. १३ एचपीचा टिलर, मागे छोटी ट्रॉली. भात लावायचं असेल तर चिखलणी होते, बागेत माल ओढतो, पट्ट्यावर पंप चालतो. किंमत ट्रॅक्टरच्या निम्म्यानेही नाही. माझ्याकडे बरीच वर्षं आहे, इंजिनाला हात लावावा लागला नाही.

पाणंद
सपाटीला टिलरसारखं दुसरं काही नाही, मान्य. पण उताराला ट्रॉली जोडून टिलर नव्या माणसाच्या हातात देऊ नका. दोन्ही चाकांना वेगवेगळे क्लच असतात. चढताना किंवा सपाटीला डाव्या चाकाचा क्लच दाबला की टिलर डावीकडे वळतो. उतरताना नेमकं उलटं होतं. मागचं ओझं ढकलत असतं, इंजिन दोन्ही चाकांना धरून ठेवत असतं. डावा दाबलात की डावं चाक मोकळं सुटतं आणि टिलर उजवीकडे जातो. ज्याला हे अंगवळणी नाही तो घाबरून अजून जोरात दाबतो आणि थेट दरीत. आमच्या शेजारच्या वाडीत टिलर असाच वहाळात गेला, चालवणारा उडी मारून वाचला.

यंत्रवेडा
उतरताना क्लच न दाबता हँडलने वळवायचं असतं. शिकवलं तर कुणालाही जमतं. त्यासाठी यंत्राला नावं ठेवायची गरज नाही.

पाणंद
यंत्राला नाव ठेवत नाही. तीन एकर उताराची बाग एकटी बाई सांभाळणार आहे, तिला काय सोपं पडेल ते बघतोय.

मधलीवाडी
एकटी बाई असण्याचा संबंध नाही. मी जीप चालवून शिकलेय, घाटात ट्रक चालवणारे सख्खे काका आहेत. गाडीवर बोला.

पाणंद
चुकीचं लिहिलं गेलं, ताई. माफ करा. मग दोनच गोष्टी मोजून सांगा. एक, सगळ्यात उभा चढ दहा फुटांत किती फूट उचलतो. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. दोन, वाटेची रुंदी, सगळ्यात अरुंद जागी.

भाड्याचा_हिशेब
मी वेगळं विचारतो. गाडी घ्यायचीच कशाला? आंबा वाहायचे दिवस वर्षातून दोन-अडीच महिने. बाकीचे महिने गाडी पडवीत, हप्ता आणि विमा मात्र बारा महिने. वाशी बाजाराचा माल तसाही ट्रान्सपोर्टवाला उचलतो. गावात पिकअप भाड्याने मिळते. सहा लाख बागेत घाला, जुनी कलमं छाटून घ्या, ठिबक करा.

घाटमाथा
हंगामात भाड्याची गाडी वेळेवर मिळते का? सगळ्यांचा आंबा एकाच वेळी तयार होतो. मिळाली तरी दुपारी येते आणि तोवर क्रेट उन्हात. आणि आंबा झाला की काजू, पावसाआधी शेणखत, मग गवत, लाकडं. गाडी बारा महिने लागतेच.

मधलीवाडी
मोजलं. उभ्या चढाला दहा फुटांत सव्वादोन फूट. वाट दोन गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून) जाते, अरुंद जागी साडेपाच फूट. एका बाजूचा गडगा चुलत घराचा आहे, तो हलणार नाही. त्याबद्दल विचारू नका.

पाणंद
ताई, हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं, निम्मा धागा वाचला असता!
सुपर कॅरीची रुंदी १५६२ मिमी, म्हणजे पाच फूट दीड इंच. टाटा एस दीड मीटर. आरसे वेगळे. प्रत्येक बाजूला सव्वादोन ते साडेतीन इंच उरतात, आणि गडग्याचे चिरे बाहेर आलेले असणारच. पिकअप त्याहून रुंद, तिचा विषयच संपला. मिनी ट्रक गडग्यापर्यंत येईल, पुढे डोक्यावरून.
चारचाकी जोर असलेला मिनी ट्रॅक्टर, कुबोटा बी२४४१ किंवा महिंद्रा जीवो २४५ घ्या, चार फुटांच्या आत बसतो. दोन्ही २४ एचपीचे.

घाटमाथा
आता मलाही पटतंय. माझी गाडी रोज डांबरावर असते, साडेपाच फुटांच्या पाणंदीत मी ती कधी घातली नाही. तिथे माझा सल्ला धरू नका.

फवारणीवाला
कलमांना फवारणी करून देण्याचाच माझा धंदा आहे, म्हणून लिहितो. ताई ओझ्यात क्रेट पहिला लिहितात, पण खरं ओझं पाण्याचं आहे. दहा बाय दहा मीटरवर कलमं असतील तर एकरी चाळीस झाडं. तीन एकरांत एकशेवीस. मोठ्या कलमाला पंधरा लिटर धरलं तर एका फवारणीला अठराशे लिटर, म्हणजे दोनशे लिटरची नऊ पिंपं. मोहोर यायच्या आधीपासून फळ सुपारीएवढं होईपर्यंत आणि पुढेही हे पुनःपुन्हा. एवढं पाणी चढावर वाहण्यापेक्षा खालीच मिश्रण करा, एचटीपी (जास्त दाबाचा फवारणी) पंप खाली ठेवा आणि होज वर न्या. दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब जातो. पंप तीस किलोला चालवता तेव्हा वीस-पंचवीस मीटर चढ काहीच नाही. होज लांबली की घर्षणात थोडा अजून जातो, म्हणून होज चांगल्या आतल्या व्यासाची घ्या आणि सांधे कमी ठेवा.
मिनी ट्रॅक्टर घेतलात तर तोच पंप पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालतो, वेगळं इंजिन नको. या एका गोष्टीसाठी मी ट्रॅक्टरच्या बाजूने आहे.

मधलीवाडी
हे कुणीच सांगितलं नव्हतं. विहीर खालीच आहे. वर वीज नाही म्हणून पिंपं वाहतो. होज वर नेऊन बघतेच या आठवड्यात.
ट्रॅक्टरवर अनुदान मिळतं ना?

नियमावर_बोट
मिळतं. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणात अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अल्प आणि अत्यल्प भूधारक यांना किमतीच्या ५० टक्के, कमाल सव्वा लाख. इतरांना ४० टक्के, कमाल एक लाख. शेतकरी ओळख क्रमांक लागतो. सातबारा कुणाच्या नावावर आहे?
आणि ठळक अक्षरात वाचा: पूर्वसंमती हातात पडायच्या आत ट्रॅक्टर घेतला तर अनुदान मिळत नाही. विक्रेता म्हणेल आधी घ्या, मग बघू. ऐकू नका.
२२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, कोटेशनमध्ये तोच लावलाय ना ते तपासा.

मधलीवाडी
सातबारा सासूबाईंच्या नावावर आहे, पण सामायिक. तीन नावं आहेत.

नियमावर_बोट
मग अर्ज सासूबाईंच्या नावाने, आणि बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र तयार ठेवा. सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) आधी भेटा, कुठला कागद अडेल ते तेच सांगतील. मार्चच्या आत संमती येईलच असं धरून चालू नका.

यंत्रवेडा
चुलत घर गडगा हलवू देत नाही, ते संमतीपत्रावर सही करेल का? टिलरला एवढं काही लागत नाही.

मधलीवाडी
गडग्यावाले वेगळे, सातबाऱ्यावरचे वेगळे. सातबाऱ्यावर दोन नणंदा आहेत, त्या सही करतील. टिलर नको, उताराचं वाचून ठरलं माझं.

कुडाळची_वाट
ट्रॅक्टरचो डेमो तुमच्याच बागेत घ्या, ट्रॉलीत खताची पोती भरून. शोरूमच्या मैदानार सगळेच चढतत.

ऑस्टिनकर
ट्रॅक्टर घेणार असाल तर डोक्यावरचा लोखंडी सांगाडा आणि सीटबेल्ट असलेलाच घ्या, हे मात्र मनापासून सांगतो. उताराला ट्रॅक्टर उलटून माणसं दगावतात, ती सगळीकडे सारखीच. बेल्ट लावलेला नसेल तर सांगाड्याचा पुरेसा उपयोग होत नाही. फांद्या अडतात म्हणून लोक तो काढून ठेवतात. दुमडणारा मिळतो, तो घ्या.

मधलीवाडी
ठरलं ते लिहिते. जीवो आणि कुबोटा दोन्हींचा डेमो बागेत मागवलाय, भरलेल्या ट्रॉलीसकट. अर्ज आज रात्री टाकते. संमती वेळेत आली नाही तर या हंगामात क्रेट डोक्यावरून गडग्यापर्यंत आणि तिथून भाड्याची पिकअप, सव्वा लाख सोडणार नाही. ट्रॉली कुठली घ्यावी तेवढं सांगा. एका दुकानात बिनब्रेकची तयार मिळतेय, स्वस्त आहे.

पाणंद
बिनब्रेकची नको. दहाला सव्वादोनच्या उताराला भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते, मागची चाकं घसरतात आणि जोडाशी ट्रॅक्टर आडवा होतो. पाच बाय साडेतीन फुटांची एक आसाची ट्रॉली ब्रेकसकट करून घ्या. आस मधोमध नको, किंचित मागे, म्हणजे थोडं ओझं ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतं. जोड खालच्या हुकालाच लावायचा. वरच्या लिंकला साखळी बांधून ओढलं की पुढची चाकं उचलतात.
उतरताना ज्या गिअरात चढाल त्याच गिअरात उतरा, मध्ये क्लच दाबू नका, न्यूट्रल तर कधीच नाही. फोर-व्हील चालू ठेवा, पुढच्या चाकांना स्वतःचे ब्रेक नसतात, ती तेव्हाच धरतात. आणि दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडणारी पट्टी लावलेली आहे ना, ते रोज खाली वाकून बघा. एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर जागीच फिरतो.

घाटमाथा
ताई, पेट्या घरपोच पाठवता का? कराडला चार हव्यात.

मधलीवाडी
मेमध्ये विचारा. एप्रिलचा माल आधीच बोललेला आहे.