एकसमान अभिसरण शिकवताना आधी व्याख्या की आधी उदाहरण?

प्रश्न
पदव्युत्तर वर्गाला वास्तव विश्लेषण मी यंदा प्रथमच शिकवत आहे. फलनांची क्रमिका एका फलनाच्या हवी तितकी जवळ जाणे म्हणजे अभिसरण; त्यासाठी किती पदे पुढे जावे लागते हे बिंदूगणिक वेगळे चालत असेल तर ते बिंदुशः, सर्व बिंदूंना एकच संख्या पुरत असेल तर एकसमान. या दोन्हींच्या व्याख्या विद्यार्थी अचूक लिहितात, सिद्धताही मांडतात. परंतु अपरिचित फलन-क्रमिका समोर आली की तिचे अभिसरण एकसमान आहे की नाही हे तपासायला सुरुवात कुठून करावी, हेच त्यांना सुचत नाही. व्याख्या, प्रमेय, मग उदाहरणे हा पुस्तकातील क्रम बदलावा का? बदलल्यास अभ्यासक्रम मागे पडेल का?

उत्तर १
क्रम जरूर बदलावा. ० ते १ या अंतरालावर क्षचा न-वा घात घ्यावा आणि तो ०.१ पेक्षा लहान होण्यासाठी ‘न’ किमान किती हवा, हे विद्यार्थ्यांनाच काढू द्यावे. क्ष ०.९ असताना २२, ०.९९ असताना २३० आणि ०.९९९ असताना २३०२ अशी उत्तरे येतात. १ च्या आधीच्या सर्व बिंदूंना पुरेल असा एकच ‘न’ मिळत नाही, हे या आकड्यांवरून लक्षात आले की व्याख्येत ‘प्रत्येक क्षसाठी’ हे शब्द ‘न’ निवडण्याआधी येतात की नंतर, याकडे ते आपणहून पाहू लागतात.

उत्तर २
यापुढे थोडा इतिहासही सांगता येईल. संतत (आलेखात खंड नसलेल्या) फलनांच्या अभिसारी श्रेणीची बेरीज संततच असते, असे फ्रेंच गणितज्ञ कोशीने १८२१ मध्ये मांडले आणि १८२६ मध्ये नॉर्वेजियन गणितज्ञ आबेलने एका त्रिकोणमितीय श्रेणीद्वारे त्याला अपवाद दाखवला. कोशीचा युक्तिवाद वर्गात देऊन त्यातील फट, म्हणजे एकसमान अभिसरणाची राहून गेलेली अट, शोधायला लावावी. तयार सिद्धता उतरवून घेण्यापेक्षा हा अभ्यास कितीतरी सकस आहे.

उत्तर ३
पहिल्या उत्तरातील उदाहरण चांगले असले तरी एकट्याने धोक्याचे आहे, कारण तिथे सीमा-फलन (क्रमिका ज्याकडे जाते ते फलन) १ पाशी असंतत होते आणि विद्यार्थी तीच कसोटी समजून बसतात. म्हणून त्याच तासाला अंशात न × क्ष आणि छेदात १ + न²क्ष² असलेली क्रमिका द्यावी. तिचे सीमा-फलन सर्वत्र शून्य, म्हणजे संतत आहे; तरीही क्ष = १/न येथे प्रत्येक फलनाची किंमत १/२ भरते, त्यामुळे अभिसरण एकसमान नाही. आपल्या विद्यार्थ्यांना हवी असलेली सुरुवात हीच: फलन आणि सीमा-फलन यांतील फरक अंतरालावर जास्तीत जास्त किती होतो, हे आधी काढावे. वेळेचे म्हणाल, तर पदशः संकलनाची (श्रेणीचे एकेक पद घेऊन केलेल्या इंटिग्रेशनची) सिद्धता घरी करायला द्यावी. एकसमान अभिसरण समजलेल्या विद्यार्थ्याला ती अवघड जात नाही.